रस्ता कोणाच्या दप्तरी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत रस्त्यांचा विषय वरचढ होतो. या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागांतून आलेल्या पत्रांपैकी सात निवडली आहेत. अनेकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्याने सर्वच पत्रांना केवळ तालुक्याचा किंवा शहराचा उल्लेख ठेवला आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत, उत्तरे मात्र जिथे गरज आहे तिथे लांबू दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावापासून मुख्य रस्त्यापर्यंत सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आहे. ग्रामपंचायत म्हणते की तो आमचा नाही, बांधकाम खाते म्हणते की आमच्या यादीत नाही, आणि लोकप्रतिनिधींना निवेदन दिले की ‘पुढच्या वर्षी बघू’ असे उत्तर मिळते. पैसा नेमका कोणाकडे मागावा? (बेळगाव तालुका)

उत्तर : पैसा मागण्याआधी रस्ता कोणाच्या दप्तरी आहे हे लेखी ठरवून घ्यावे, कारण ज्या रस्त्याला मालक खाते नाही त्याचे अंदाजपत्रक कोणताही अभियंता तयार करू शकत नाही, आणि अंदाजपत्रकाशिवाय कोणत्याही निधीतून एक रुपयाही सुटत नाही. राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारच्या अखत्यारीत असतात; पुणे-बेंगळुरू हा पूर्वीचा ४ आणि आताचा ४८ क्रमांकाचा महामार्ग, तसेच खानापूर-लोंढ्यावरून पणजीकडे जाणारा पूर्वीचा ४अ आणि आताचा ७४८ क्रमांकाचा महामार्ग हे आपल्या परिचयाचे आहेत. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. त्याखालचे ग्रामीण रस्ते ग्रामविकास व पंचायत राज खात्याच्या अभियांत्रिकी विभागाकडे असतात, आणि गावातील गल्ल्या, गटारे व लहान मोऱ्या यांची जबाबदारी कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यातील कलम ५८ नुसार ग्रामपंचायतीवर येते. आपला रस्ता गावाला मुख्य रस्त्याशी जोडणारा असल्याने तो बहुधा तिसऱ्या वर्गात, म्हणजे ग्रामीण रस्त्यांत मोडतो, आणि नेमका हाच वर्ग याद्यांतून सर्वाधिक निसटतो.

दोन्ही कार्यालयांकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एकेक अर्ज करावा आणि रस्त्याचे नाव, त्याचा क्रमांक, लांबी व तो कोणत्या वर्षी यादीत आला एवढेच विचारावे. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. रस्ता कोणत्याच यादीत नाही असे दोन्हीकडून उत्तर आले तर निराश होऊ नये. ते उत्तरच ग्रामसभेपुढे ठेवून रस्ता ग्रामीण रस्त्यांच्या यादीत घ्यावा असा ठराव करून घ्यावा. हा ठराव दिसायला किरकोळ असतो, परंतु पुढचे सर्व काम त्याच्यावर उभे राहते. तोंडी आश्वासनांच्या मागे वर्षे घालवणाऱ्या गावांनी आधी हा कागद करून घ्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आता पैशाविषयी. ग्रामपंचायतीकडे स्वतःची घरपट्टी आणि वित्त आयोगाचे अनुदान असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांच्यासाठी बांधलेली आहे आणि उरलेल्या ४० टक्क्यांतूनच रस्त्यांसारखी कामे करता येतात. त्या रकमेत एखादी गल्ली, एखादी मोरी किंवा गटार होऊ शकते, दोन किलोमीटरचा रस्ता होत नाही. आमदारांच्या स्थानिक विकास निधीची वार्षिक मर्यादा २ कोटी आणि खासदारांच्या निधीची ५ कोटी रुपये आहे. हे आकडे मोठे वाटतात, म्हणून एक तुलना करून पाहावी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात ६२,५०० किलोमीटरसाठी ७०,१२५ कोटी रुपये धरले आहेत, म्हणजे पुलांसह सरासरीने किलोमीटरमागे सुमारे १ कोटी १२ लाख. या हिशेबाने आमदारांचा वर्षाचा संपूर्ण निधी एकट्या आपल्या गावाला दिला तरी दोन किलोमीटर पुरे होत नाहीत. त्यामुळे या निधीकडून मोरी, संरक्षक भिंत किंवा रस्त्याचा सर्वांत खराब तुकडा एवढेच मागावे. ते मिळण्याची शक्यता खरी असते.

निवेदन योग्य माणसाकडे जाते की नाही हेही पाहावे लागते. खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ बेळगाव जिल्ह्यात असले तरी लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघात आहेत, आणि यमकनमर्डी मतदारसंघात गेलेली बेळगाव तालुक्यातील काही गावे चिक्कोडी लोकसभेत येतात. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपल्यानंतर त्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या, त्यामुळे गावाची बाजू वरच्या सभागृहात मांडणारा सदस्यच राहिला नाही. लोकांनी निवडलेल्या संस्थेच्या जागी प्रशासक बसणे ही गोष्ट रस्त्यांच्या दृष्टीने फार नुकसानीची ठरली आहे, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. अशा वेळी निवेदन जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

पूर्ण रस्त्यासाठी मोठ्या योजनांकडेच जावे लागेल. ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली; तिच्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे मैदानी भागात ५०० किंवा अधिक लोकसंख्या असलेल्या, अद्याप बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्या पात्र आहेत. येथे ‘वस्ती’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. मूळ गाव जोडलेले असेल, परंतु त्यापासून दूर असलेल्या वाडीची लोकसंख्या स्वतंत्रपणे मोजली तर ती पात्र ठरू शकते, आणि ही मोजणी गावानेच पुढे आणावी लागते. या योजनेचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६० आणि ४० टक्के असा विभागला जातो, मात्र जमीन संपादनासाठी तिच्यातून पैसे मिळत नाहीत. याखेरीज राज्य सरकार नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून कर्ज घेऊन रस्ते व पूल करते. त्या यादीत नाव घालण्याचा मार्गही जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागातूनच जातो.

शेवटी वेळेचे भान. ग्रामपंचायतीचा पुढील वर्षाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मोहिमेत तयार होतो आणि ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर चढवला जातो, तर राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो. गणेशोत्सव संपताच वॉर्डसभेत मागणी नोंदवली, तिथून ती ग्रामसभेत आणि आराखड्यात गेली, तरच तिला पुढच्या आर्थिक वर्षात जागा मिळते. एप्रिलमध्ये उन्हात उभे राहून दिलेले निवेदन त्या वर्षापुरते उशिराचेच असते.

प्रश्न : आमची वाडी जंगलात आहे. पावसाळ्यात आजाऱ्याला तिरडीसारखे खांद्यावरून न्यावे लागते. रस्त्याचे काम निघाले की वनखाते अडवते. यातून कायदेशीर मार्ग आहे का? (खानापूर तालुका)

उत्तर : आहे, आणि तो फारसा वापरला जात नाही याचे आम्हाला दुःख आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ते अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन वापरू देण्याची तरतूद आहे. प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी, या त्या तरतुदीच्या अटी आहेत. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. साइडपट्ट्यांसह सहा मीटर रुंदीचा रस्ता धरला तर त्यात सुमारे १,६०० मीटर लांबी बसते. आपल्या वाडीचे जंगलातील अंतर याच्या आत असेल तर आधी मोजणी करून घ्यावी, झाडांची गणना करावी आणि ग्रामसभेचा ठराव मोजणीच्या नकाशासह विभागीय वनाधिकाऱ्यांकडे पाठवावा. ‘रस्ता करून द्यावा’ एवढाच मोघम ठराव अनेकदा परत येतो. ठरावात लांबी, रुंदी, क्षेत्र आणि झाडांची संख्या हवी.

वाट जुनी असेल तर तिचा पुरावा जपून ठेवावा. वनसंरक्षण कायदा २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीपासून वापरात असलेल्या रस्त्याची रुंदी न वाढवता केलेली दुरुस्ती आणि नव्याने जंगल फोडून केलेला रस्ता यांत मोठा फरक केला जातो. जुने भूमापन नकाशे, ब्रिटिश काळातील गावनकाशे, शाळेच्या किंवा टपालाच्या नोंदी यांपैकी काहीही उपयोगी पडते. आपली वाडी २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परवानग्या वेगळ्या लागतात आणि त्यांना वेळ लागतो. अशा ठिकाणी डांबरी रस्त्याचा हट्ट धरून दहा वर्षे थांबण्यापेक्षा ओढ्यांवर साकव, चढावर दगडी सोलिंग आणि पाणी बाजूला काढणाऱ्या चरी एवढे काम आधी मागावे, असे आम्हाला वाटते. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस इतका पडतो की रुग्णवाहिका अडते ती खडबडीत पृष्ठभागामुळे नव्हे, तर भरून वाहणाऱ्या ओढ्यामुळे. माणसाचा जीव वाचवण्याचा प्रश्न असेल तर प्राधान्य साकवाला दिले पाहिजे.

खानापूरचा पश्चिम भाग डोंगराळ असल्याने ग्रामसडक योजनेत २५० लोकसंख्येची सवलत मिळेल का, असेही आपण विचारले आहे. ती सवलत डोंगरी राज्ये, घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील प्रदेश आणि अशाच काही विशेष क्षेत्रांसाठी आहे. कर्नाटक डोंगरी राज्यांत मोडत नाही आणि राज्यात पाचव्या अनुसूचीचे क्षेत्रही नाही, तेव्हा केवळ तालुका डोंगराळ आहे या कारणाने ती मिळणार नाही.

प्रश्न : कामाची कागदपत्रे आम्हाला मराठीत मिळू शकतात का? मराठीत दिलेले निवेदन स्वीकारत नाहीत, ते योग्य आहे का? (बेळगाव तालुका)

उत्तर : निवेदन नाकारणे योग्य नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. कागदपत्रांच्या बाबतीत, एखाद्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असेल तर महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे केंद्राच्या संरक्षक तरतुदी सांगतात. त्याची अंमलबजावणी किती होते हे सीमाभागातील वाचकांना सांगायला नको. हा हक्क सोडू नये. परंतु रस्त्याचे काम लवकर व्हावे यासाठी मराठी निवेदनासोबत त्याची कन्नड प्रत जोडावी, म्हणजे फाइल भाषांतरासाठी अडून राहत नाही. अंदाजपत्रकातील तक्ते बहुधा इंग्रजीत असतात आणि त्यात वाचायचे असते ते लांबी, रुंदी, थराची जाडी, परिमाण आणि दर. गावातील बारावी शिकलेला कोणीही मुलगा ते एका बैठकीत समजावून देऊ शकतो.

प्रश्न : आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते मोडतात. नवे डांबर पडते आणि पहिल्याच पावसात खड्डे होतात. हा कंत्राटदाराचा दोष की ट्रॉल्यांचा? कारखान्यांकडून पैसे घेता येतात का? (निपाणी तालुका)

उत्तर : दोन्हींचा दोष असतो, आणि तिसरा दोष पाण्याचा, ज्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आधी वजनाविषयी. रस्त्याची हानी चाकांवरील वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, ती साधारणपणे आसावरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर हानी सोळापट होते. ग्रामीण रस्ते मुळात कमी वाहतुकीसाठी आखलेले असतात. दिवसाला शंभरपेक्षा कमी मोटारवाहने जाणाऱ्या ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी तीन मीटर, एरवी पावणेचार मीटर धरतात. अशा रस्त्यावरून हंगामाचे चार-पाच महिने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जाऊ लागले की चाक साइडपट्टीवर उतरते, कडा तुटते आणि तिथून पाणी आत शिरते. म्हणून अंदाजपत्रक होण्यापूर्वी वाहतुकीची गणना गळीत हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत व्हावी असा आग्रह ग्रामपंचायतीने लेखी धरावा. जून-जुलैत मोजलेली वाहतूक ऊस पट्ट्यातील रस्त्यावर अन्याय करते, कारण त्या आकड्यांवरून खालच्या थरांची जाडी ठरते आणि ती कमी पडते.

वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठची जमीन काळी आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम व खडीचा थर न देता वर केवळ २० मिलिमीटरचा डांबरी गालिचा अंथरला तर तो टिकणे अशक्य आहे. खालची माती हलली की वरचा थर फुटतो. आपल्याकडे ‘डांबरीकरण’ मागण्याची सवय लागली आहे. मागणी खालच्या थरांची, मोऱ्यांची आणि गटारांची असली पाहिजे. रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे उतार हवा. डांबरी ग्रामीण रस्त्याला जास्त पावसाच्या भागात तो साधारण साडेतीन टक्के, म्हणजे पावणेदोन मीटरला सुमारे सहा सेंटिमीटर इतका असतो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहिली, किंवा शेतकऱ्याने पाटाचे पाणी रस्त्यालगत सोडले, तर चांगले केलेले कामही दोन पावसांत संपते. हे शेवटचे काम गावाच्या हातात आहे आणि त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

कंत्राटदाराच्या जबाबदारीविषयी सांगायचे तर ग्रामसडक योजनेत काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल त्याच कंत्राटदाराने करायची असते आणि ते करारातच लिहिलेले असते. रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या फलकावर कामाची किंमत, पूर्णत्वाची तारीख आणि देखभालीचा काळ पाहावा. ‘मेरी सडक’ या अ‍ॅपवर खड्ड्याचे छायाचित्र टाकून तक्रार नोंदवता येते. इतर खात्यांच्या कामांत दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे बिघडलेले काम कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, करारानुसार वेगळा असतो, तेव्हा माहिती अधिकारात कराराचे ते पान आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागावी. मोजमाप पुस्तकात थराची जाडी लिहिलेली असते आणि ती रस्त्याच्या कडेला कुदळीने थोडे खणूनही ताडून पाहता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९८अ प्रमाणे रस्त्याचे आरेखन, बांधकाम व देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जादा भार वाहणाऱ्या वाहनालाही त्याच कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे.

कारखान्यांकडून पैसे मिळण्याचा मार्ग अरुंद आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक नफा, उलाढाल किंवा मालमत्ता असलेल्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत असे बंधन आहे आणि त्यात ग्रामीण विकासाची कामे बसतात. मात्र हा कायदा कंपन्यांना लागू आहे. सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या साखर कारखान्यांना तो लागू नाही. सहकारी कारखान्याच्या बाबतीत सभासदांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय मांडून तोडणी हंगामापूर्वी खडी-मुरमाची दुरुस्ती कारखान्याने करावी असा ठराव घेणे हा सरळ उपाय आहे. ऊस वेळेवर पोचणे ही कारखान्याचीही गरज आहे, त्यामुळे ही मागणी हक्काने करता येते.

प्रश्न : शेताकडे जाणारी जुनी गाडीवाट शेजाऱ्यांनी नांगरून अरुंद केली आहे. ती रुंद करून खडी टाकायला निधी मिळतो का? (चिक्कोडी तालुका)

उत्तर : गावनकाशावर ती वाट दाखवलेली आहे का हे आधी भूमापन कार्यालयात पाहावे. दाखवलेली असेल तर तहसीलदारांकडे हद्द कायम करण्याचा अर्ज करावा. नकाशावर नसेल, परंतु वीस वर्षे अखंड आणि उघडपणे वहिवाट असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ खाली हक्क सिद्ध करता येतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि भावकीत वैर येते, म्हणून शक्यतो संबंधित शेतकऱ्यांकडून जागेचे लेखी दानपत्र ग्रामपंचायतीच्या नावे करून घ्यावे. जागा निर्विवाद झाली की रोजगार हमीतून ‘नम्म होल, नम्म दारी’ (आपले शेत, आपली वाट) या कन्नड नावाने घेतल्या जाणाऱ्या शेतरस्त्यांत ते काम बसते. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६० आणि ४० असे घालून दिले, त्यामुळे मातीकाम आणि मुरूम यांना जागा मिळते, डांबराला मिळत नाही. शेतरस्त्याला तेवढे पुरते.

प्रश्न : आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि वर्षाच्या आत जलवाहिनीसाठी तो फोडला. खर्चाची भरपाई कोण करते? (बेळगाव शहर)

उत्तर : रस्ता फोडणाऱ्या यंत्रणेने परवानगी घेताना पुनर्बांधणीचा खर्च भरायचा असतो किंवा स्वतः पूर्ववत करून द्यायचे असते. प्रत्यक्षात खड्डा मातीने बुजवला जातो, काही महिन्यांनी तो खचतो आणि त्यावर डांबराचे ठिगळ पडते. आपल्या प्रभागात असे झाले असेल तर परवानगीचे पत्र आणि भरलेल्या अनामत रकमेची नोंद माहिती अधिकारात मागावी, आणि ती रक्कम त्याच रस्त्यावर खर्च झाली का हे नगरसेवकांमार्फत सभागृहात विचारावे. शहरात ५८ प्रभाग आहेत. एकाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले की इतरांनाही तो दाखला उपयोगी पडतो.

बेळगावात हा प्रश्न तीव्र होण्याचे कारण कामांच्या क्रमात आहे. चोवीस तास पाण्याची योजना २००८ मध्ये शहरातील काही प्रभागांत प्रयोग म्हणून यशस्वी झाली, परंतु उर्वरित शहरातील जलवाहिन्यांचे काम पुष्कळ नंतर आले. दरम्यान जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांत बेळगावची निवड झाली आणि रस्त्यांची कामे निघाली. जमिनीखालचे काम आधी आणि वरचे नंतर हा क्रम उलटला की पैसा दोनदा जातो. मार्च २०२५ मध्ये केंद्राचे स्मार्ट सिटी अभियान संपले आहे, त्यामुळे त्या रस्त्यांची देखभाल आता महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नावर येते. म्हणून यापुढे आपल्या गल्लीत रस्ता मंजूर झाला की नागरिकांनी अंदाजपत्रकात आडव्या नळ्यांची तरतूद आहे का, ठरावीक अंतरावर रस्त्याखालून केबल आणि नळजोड नेण्याची सोय आहे का, हे काम सुरू होण्याआधी पाहावे. ती तरतूद एकूण खर्चाच्या मानाने लहान असते. कॅम्प भागातील वाचकांनी लक्षात ठेवावे की तेथील रस्ते महापालिकेचे नसून संरक्षण मंत्रालयाखालील कटक मंडळाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांना २००६ चा कटक कायदा लागू होतो. तेथील तक्रार महापालिकेत दिली तर ती तिथेच पडून राहते.

प्रश्न : आमचे गाव चंदगड तालुक्याच्या सीमेला लागून आहे. महाराष्ट्राच्या बाजूचा रस्ता झाला, आमच्या बाजूचाही झाला, परंतु मधला थोडा तुकडा दोन्ही राज्यांनी सोडून दिला आहे. तो कोणी करायचा? (बेळगाव तालुका)

उत्तर : प्रत्येक राज्याने आपल्या हद्दीपर्यंतचा. उत्तर एवढेच असले तरी अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. दोन्ही राज्यांच्या ग्रामीण रस्त्यांचे आराखडे स्वतंत्रपणे तयार होतात. कर्नाटकाच्या आराखड्यात रस्ता शेवटच्या घरापाशी संपतो, महाराष्ट्राच्या आराखड्यातही तसाच, आणि हद्दीलगतचा शेतातून जाणारा तुकडा कोणत्याही वस्तीला ‘जोडत’ नसल्याने दोन्हींकडून वगळला जातो. बाची-शिनोळीवरून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याकडे दोन्ही बांधकाम खात्यांचे लक्ष असते, पण ऊस, भाजीपाला आणि शाळेची मुले ज्या आडवाटांनी ये-जा करतात त्यांना वाली नसतो. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे. त्या दाव्यामुळे आज ज्या राज्याकडे प्रशासन आहे त्याची रस्त्याची जबाबदारी कमी होत नाही, आणि असे कारण कोणी पुढे केले तर ते लेखी मागावे.

दोन्ही ग्रामपंचायतींनी एकाच आठवड्यात एकसारखा ठराव करावा. त्यात हद्दीचा दगड, तेथपर्यंतची दोन्ही बाजूंची लांबी मीटरमध्ये, आणि रस्त्याने जाणारी मुले, दूधगाड्या व उसाची वाहने यांची गणना असावी. कर्नाटकाकडील ठराव बेळगाव जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागाकडे आणि महाराष्ट्राकडील कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे द्यावा, आणि प्रत्येक पत्रासोबत दुसऱ्या राज्यातील ठरावाची प्रत जोडावी, म्हणजे ‘त्यांनी केला तर आम्ही करू’ असे म्हणायला जागा राहत नाही. महाराष्ट्राच्या बाजूला मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून असे काम घेता येते. रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असेल तर केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीत आंतरराज्य जोडणीच्या कामांसाठी वेगळी तरतूद आहे. पेट्रोल व डिझेलवरील उपकरातून तो निधी उभा राहतो, त्याला २००० च्या कायद्याचा आधार आहे आणि आंतरराज्य जोडणीच्या मंजूर कामांचा खर्च केंद्र उचलते. प्रस्ताव राज्य सरकारनेच पाठवायचा असतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या आमदारांचे शिफारसपत्र एकाच वेळी आपापल्या बांधकाम मंत्र्यांकडे जाईल असे पाहावे. हद्दीवर ओढा असेल तर पुलाचा स्वतंत्र उल्लेख करायला विसरू नये. पुलाचे दोन्ही काठ दोन राज्यांत असतील तर बांधकाम कोणत्या खात्याने करायचे आणि नंतर देखभाल कोणाकडे राहील, हे ठरावाच्या मसुद्यातच सुचवून ठेवावे.